गाडीच्या दारातला आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी काही जण हे भाषण घोडबंदर रस्त्यावर, मानपाडा आणि कापूरबावडी यांच्या दरम्यान गाडी न्यूट्रलला टाकून ऐकत असतील, असे मी धरून चालतो. तसे असेल तर गाडी उभी आहे तोवर उजव्या हाताचा तळवा दाराच्या आतल्या बाजूला, काचेच्या खाली वीतभर अंतरावर टेकवून पाहा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. माझ्या शब्दांबरोबर तळव्याला थरथर जाणवली, तर तुमच्या दाराचा पत्रा आणि त्यावरचे प्लास्टिक माझ्या सुरात आपलाही सूर मिसळत आहेत असे समजावे. कमी खर्चात गाडीचा आवाज सुधारायचा असेल, तर माझ्या मते सुरुवात या थरथरीपासून करावी, दुकानाच्या काउंटरपासून नव्हे.

कंपनीने बसवून दिलेला स्पीकर तसा गरीबच असतो. कागदाचा पडदा, बेताचे चुंबक आणि प्लास्टिकची चौकट असा त्याचा संसार. गाडीचे वजन आणि किंमत दोन्ही राखायची असल्याने उत्पादक इथे हात आखडता घेतात, आणि स्वस्त मॉडेलमध्ये तर वेगळा ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांसाठीचा छोटा स्पीकरही देत नाहीत. एफएम प्रसारणात १५,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी येऊ शकतो, पण ट्वीटर नसेल तर त्यातला वरचा भाग, म्हणजे झांजेची किणकिण किंवा तबल्याच्या चाटेवरची टणत्कार, पुसट होऊन कानावर पडते. हे सगळे खरे असले तरी बिघाडाचे मोठे कारण स्पीकरच्या पाठीमागे असते.

घरातला स्पीकर लाकडी खोक्यात बंद असतो, आणि त्याला तसेच कारण आहे. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन्ही लहरी एकमेकींना भेटल्या तर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. गाडीच्या दारात खोके नसते. आतल्या पत्र्याला काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी मोठी भोके ठेवलेली असतात आणि त्यांवर एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. गॅरेजमध्ये एकदा काच दुरुस्त झाली की तो कागद बहुधा अर्धवट लोंबकळत राहतो. अशा दारात महागडा स्पीकर बसवणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतत बसणे होय.

मी स्वतः आठ हजार रुपयांची मर्यादा ठरवून ठाण्यातल्या दुकानांत फिरलो. प्रत्येक ठिकाणी विक्रेत्याने आधी वॉटचा आकडा सांगितला. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० वॉट छापलेले असले की गिऱ्हाईक दबून जाते. पण वेगळा अॅम्प्लिफायर न लावता डॅशबोर्डमधल्या स्टीरिओवरच स्पीकर चालवायचे असतील, तर इंजिन चालू असताना त्याला मिळणारी वीज १४ व्होल्टच्या आसपास असते आणि तेवढ्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या स्पीकरला, आवाज न फाटता, १५ ते २० वॉटच्या पुढे सहसा काही पोचत नाही. म्हणून ते तीनशे वॉट कागदावरच राहतात. त्याऐवजी संवेदनशीलतेचा, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा आकडा विचारावा. एका वॉटवर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ते त्यावरून कळते. ३ डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, परंतु ८९ डेसिबलच्या स्पीकरला ९२ डेसिबलवाल्याइतके मोठ्याने वाजवायला दुप्पट शक्ती लागते. मी हा आकडा विचारला तेव्हा तीनपैकी दोन दुकानदारांनी खोके उलटेसुलटे करून पाहिले.

शेवटी मी पुढच्या दोन दारांसाठी साडेसहा इंची कोअॅक्सियल जोडी घेतली, म्हणजे ज्यात ट्वीटर मुख्य पडद्याच्या मधोमध बसवलेला असतो. वेगळे ट्वीटर असलेला कंपोनंट सेट निश्चितच सरस असतो, कारण ट्वीटर वर, आरशाच्या कोपऱ्यात लावला की गाणारा माणूस पायापाशी न बसता समोर बसल्यासारखा वाटतो. पण तो माझ्या मर्यादेत बसत नव्हता. मागच्या दारांना मी हात लावला नाही. गाडी चालवणाऱ्याला आणि शेजारच्याला मागचे स्पीकर हवेतच असे नाही, आणि चार साधारण स्पीकरांपेक्षा दोन बरे स्पीकर कधीही परवडतात. जोडीला ३,८०० रुपये पडले, दोन दारांच्या डॅम्पिंग शीटला २,४०० रुपये, आणि उरलेल्या पैशांत कपलर, म्हणजे वायर न कापता जोडणी करणारा प्लग, फोमची पट्टी, क्लिपा आणि मजुरी असे सारे भागले.

डॅम्पिंग शीट म्हणजे एका बाजूला अॅल्युमिनियमचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला चिकट ब्युटाइल रबर असलेली जाड पट्टी. बाहेरच्या पत्र्याला आतून स्पीकरच्या नेमके मागे तिचे तुकडे रोलरने दाबून बसवले, तेव्हा टिचकी मारल्यावर पत्र्यातून डब्याचा आवाज न येता लाकडासारखा बद्द आवाज आला. आतल्या पत्र्याची भोकेही तिने बुजवता येतात. मात्र ज्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दारात दाबाचा सेन्सर असतो, तिथे भोके बुजवण्याआधी किंवा नवी पाडण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारलेच पाहिजे. शिवाय आपल्याकडचा पावसाळा विसरून चालणार नाही. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आत उतरते आणि तळाच्या छोट्या छिद्रांतून बाहेर पडते, हीच त्याची योजना असते. ती छिद्रे शीटने बुजली तर दारात डबके साचून पत्रा सडतो. त्याच कारणाने स्पीकरखाली टेकू म्हणून एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, रिंग लावू नये, कारण ती ओलसरपणाने फुगते. मी प्लास्टिकची रिंग वापरली. बसवण्यापूर्वी काच पूर्ण खाली घेऊन चुंबक तिला अडत नाही ना, हे मोजून पाहिले, आणि कंपनीची वायर न कापता कपलर जोडायला लावला.

इतके करूनही पहिल्या दिवशी घोर निराशा झाली. वरचे स्वर स्वच्छ होते, पण ढोलकीचा घुमार जुन्या स्पीकरांइतकाही येत नव्हता. दुकानातला मुलगा म्हणाला, स्पीकर नवे आहेत, दोन आठवडे वाजवा, मोकळे होतील. घरी येताना तीन हात नाक्याच्या सिग्नलला सहज म्हणून बॅलन्स, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरांत आवाज वाटणारा खटका, पूर्ण डावीकडे फिरवला, तर बेस आला. पूर्ण उजवीकडे फिरवला, तरीही आला. मध्यावर आणला की नाहीसा झाला! म्हणजे एका दाराच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. एक पडदा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि दोघांच्या भांडणात खालचे स्वर नाहीसे होत होते. रविवारी दार उघडून घड्याळातला दीड व्होल्टचा सेल कपलरच्या दोन तारांना क्षणभर टेकवला. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन टोकाला मिळाली की पडदा बाहेर उसळतो. डाव्या दारात तो बोटाला स्पष्टपणे आत जाताना जाणवला. दोन पिना अदलाबदल करायला पाच मिनिटे लागली. दुकानाला मी पुन्हा फोन केला नाही, पण मजुरी देण्यापूर्वी बॅलन्स फिरवून पाहायला हवा होता, एवढी चूक माझीही होती.

स्टीरिओमध्ये हाय-पास, म्हणजे खालचे स्वर अडवणाऱ्या, फिल्टरची सोय असेल तर तो ८० हर्ट्झवर ठेवावा. त्याखालचे स्वर या आकाराच्या स्पीकरला दारात नीट पेलत नाहीत, आणि ते काढून टाकले की उरलेला आवाज फाटत नाही. बाकीची जुळवाजुळव मी उभ्या गाडीत केलीच नाही. शेजारी मुलीला बसवले, पाम बीच रस्त्यावरून वाशीहून बेलापूरकडे ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी नेली आणि बटणे तिच्या हाती सोपवली. टायरांची घरघर खालचे स्वर झाकते, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरदार वाटणारा बेस रस्त्यावर पातळ होतो. तिने बेस दोन घरे वाढवला, ट्रेबल एक घर उतरवला, आणि तीच मांडणी आजही कायम आहे.

जुने स्पीकर वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यांच्या मूळ स्क्रूंच्या पुडीसह मी माळ्यावर ठेवले आहेत. वायर कापलेली नसल्याने गाडी विकताना ते तासाभरात परत जागेवर बसतील, आणि नवी जोडी पुढच्या गाडीच्या दारात जाईल. साडेसहा इंचांचे भोक बहुतेक गाड्यांत असतेच, फक्त रिंग तेवढी वेगळी घ्यावी लागेल.

नमस्कार.