गप्पांचा तास

फळा कोरा. खुर्च्या समोरासमोर, जोडीजोडीनं. शिक्षिका वर्गाच्या कडेला, हातात वही-पेन्सिल. इंग्रजीचा तास सुरू आहे आणि बोलतायत विद्यार्थी.

"व्हॉट डिड यू डू यस्टरडे?" उत्तर आलं, "नथिंग." संपल्या गप्पा! म्हणून प्रश्न बारीक केला : "व्हॉट टाइम डिड यू वेक अप?" याला उत्तर सुचतंच. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असलेला "इज धिस अ पेन?" हा प्रश्न गप्पांचा नव्हे, परीक्षेचा.

आता ही शांतता बघा. नुसते ओठ हलतायत. १९७०च्या दशकात शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतले विज्ञानाचे वर्ग तपासले. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत. थांबणं ३ सेकंदांवर नेलं, तशी उत्तरं लांबली. इथं तर वाक्य परक्या भाषेत जुळवायचंय.

"यस्टरडे आय गो टू मार्केट."

पेन्सिल हलली, शिक्षिका गप्पच. वहीच्या डाव्या रकान्यात वाक्य जसंच्या तसं, उजवा दुरुस्तीसाठी रिकामा. नाव लिहायचं नाही. "ओह, यू वेंट टू द मार्केट!" असं सुधारून म्हटलं, तर बहुतेकदा "येस, येस" म्हणून गाडी पुढे जाते; ती दुरुस्ती होती हे ध्यानातच येत नाही. अर्थच लागेना, तेव्हा मात्र लगेच विचारायचं : "एव्हरी डे, ऑर ओन्ली यस्टरडे?"

घड्याळाकडे लक्ष द्या. एकच गोष्ट ४ मिनिटांत सांगायची. जोडीदार बदलला, ३ मिनिटं. पुन्हा बदलला, २. ऐकणारा दर वेळी नवा हवा, नाहीतर सांगणाऱ्यालाच कंटाळा येतो. विषय सोपा, शब्द ओळखीचे. शिकायचा आहे तो ओघ. तिसऱ्या फेरीत अडखळणं किती कमी झालंय, ऐका. अर्थात चूकही तीनदा घोटली जाते, म्हणून फेऱ्या संपल्या की वही उघडायचीच.

शेवटची १० मिनिटं. पाच-सहा वाक्यं फळ्यावर, बिननावाची. उजवा रकाना वर्गानंच भरायचा. 'गो' खोडून 'वेंट' लिहिणारा हा हात बघा.

लेखी परीक्षेचे गुण यानं आपोआप वाढत नाहीत; लिहिण्याचा सराव वेगळा लागतो.

खुर्च्या पुन्हा रांगेत लागतायत. दाराशी मघाचाच आवाज : "आय गो... आय वेंट टू मार्केट."

'द' राहिलाच. तो पुढच्या तासाला.