पान, पृथ्वी आणि दोन तळहात

मित्रहो, या व्याख्यानाची तयारी करताना मी एक साधा प्रयोग करून पाहिला. पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या बऱ्याच संस्थांची बोधचिन्हे टेबलावर मांडली, त्यांच्याखालची नावे कागदाच्या पट्ट्यांनी झाकली आणि नुसत्या चित्रावरून संस्था ओळखता येते का ते पाहिले. नद्यांचे काम करणारी कोणती, जंगल राखणारी कोणती आणि मी मुद्दामच त्यांत मिसळलेली साबणाची कंपनी कोणती, हे मलाच सांगता येईना. एखादे हिरवे पान, पृथ्वीचा गोल, त्या गोलाखाली धरलेले दोन तळहात, फार तर पाण्याचा एक थेंब, एवढ्याच सामग्रीची उलटसुलट मांडणी सगळीकडे दिसत होती. यात चित्रकारांचे कौशल्य कमी पडले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांतली काही चिन्हे रेखाटनाच्या दृष्टीने अतिशय सफाईदार होती. कमी पडला होता तो त्याआधीचा विचार.

हिरव्या पानात मुळात काही वाईट नाही. अडचण एवढीच की ते कोणालाही उसने घेता येते. बीपी या तेल कंपनीने २००० मध्ये आपली जुनी ढाल बाजूला ठेवली आणि हिरव्या-पिवळ्या पाकळ्यांचे, सूर्यफुलासारखे दिसणारे नवे चिन्ह स्वीकारले. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहिरीच्या मंचावर स्फोट झाला, ११ कामगार दगावले आणि समुद्रात तेल पसरत राहिले, तेव्हा ग्रीनपीस या पर्यावरण-संस्थेच्या ब्रिटनमधील शाखेने लोकांना आवाहन केले की या कंपनीला शोभेल असे बोधचिन्ह तुम्हीच काढून पाठवा. ज्या फुलाने कंपनीला निसर्गाच्या जवळ आणून बसवले होते, तेच फूल तेलात बुडालेले लोकांनी रंगवले. या घटनेकडे बहुतेक जण दांभिकता उघडी पडल्याचे उदाहरण म्हणून पाहतात, आणि ते बरोबरच आहे. चित्रकाराने मात्र तिच्यातून आणखी एक गोष्ट उचलावी, ती अशी की फूल, पान, सूर्य आणि हिरवा रंग यांवर आता पर्यावरण-संस्थांचा हक्क उरलेला नाही.

म्हणून कोणत्याही पर्यावरण-संस्थेच्या बोधचिन्हाला मी पहिला प्रश्न विचारतो तो सौंदर्याचा नसतो. तुम्ही ज्यांच्या विरोधात उभे आहात त्यांनी उद्या हेच चिन्ह आपल्या दारावर लावले, तर ते तिथे विसंगत दिसेल का? दिसणार नसेल, तर ते चिन्ह अजून तुमचे झालेले नाही.

या कसोटीला उतरणारे माझ्या आवडीचे उदाहरण वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडच्या प्रसिद्ध पांडाचे नाही, ते एका पाणपक्ष्याचे आहे. ब्रिटनमधील रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या संस्थेच्या चिन्हात ॲव्होसेट हा पक्षी आहे. काळा-पांढरा, उंच पायांचा आणि टोकाशी वर वळलेल्या बारीक चोचीचा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये त्याची वीण थांबली होती. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला उतरता येऊ नये म्हणून पूर्व किनाऱ्यावरच्या सखल जमिनींत पाणी सोडण्यात आले, तिथे दलदल तयार झाली, आणि १९४७ मध्ये सफोक परगण्यात हा पक्षी पुन्हा घरटी करू लागला. संस्थेने त्या जागांची राखण केली. त्यामुळे या चिन्हात निव्वळ पक्षिप्रेम नाही, त्यात संस्थेच्या हातून घडलेले काम आहे. दुसऱ्या कोणी तो पक्षी काढला तर ते पक्ष्याचे चित्र होईल, पण ती हकीकत त्यामागे येणार नाही.

आता पांडा. त्याच्याविषयी इतके बोलले गेले आहे की तो टाळावा असे वाटत होते, पण त्यात धंद्याच्या दृष्टीने शिकण्यासारखे फार आहे. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ची-ची नावाची पांडा मादी राहत होती आणि तिचे कौतुक सर्वत्र चालले होते. जेराल्ड वॉटरसन यांनी तिची प्राथमिक रेखाटने केली आणि त्यांवरून संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले पीटर स्कॉट यांनी पहिले चिन्ह काढले. प्राणी देखणा हवा, संकटात सापडलेला हवा, लोकांना प्रिय हवा, या अटी कोणालाही सुचतील. स्कॉट यांनी आणखी एक कारण सांगून ठेवले आहे आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटते. हा प्राणी काळ्या-पांढऱ्यातच उठून दिसतो, त्यामुळे छपाईचा खर्च वाचतो. निसर्गाने स्वतःच एकरंगी छपाईसाठी तयार केलेला प्राणी त्यांनी निवडला, असे म्हटले तरी चालेल.

१९८६ मध्ये लँडर या डिझाइन-संस्थेने पांडाला जे रूप दिले, त्यात डोक्याच्या वरच्या भागाला आणि पाठीला बाह्यरेषाच नाही. कान, डोळ्यांभोवतीचे डाग, नाक, खांदे आणि पाय एवढेच काळे आकार कागदावर आहेत, आणि उरलेला प्राणी पाहणाऱ्याची नजर पुरा करते. मन सुट्या तुकड्यांतून एकसंध आकृती कशी पाहते याचा विचार करणाऱ्या गेस्टाल्ट मानसशास्त्रात या प्रवृत्तीचा अभ्यास झालेला आहे. अपुरी आकृती दिसली की मन ती पूर्ण करते, मात्र त्यासाठी दिलेले तुकडे नेमक्या जागी असावे लागतात. कागदाचा पांढरेपणा प्राण्याच्या अंगात शिरतो आणि पाठीची रेषा पार्श्वभूमीत विरून जाते. नाहीसा होत चाललेला प्राणी अशा रीतीने काढला गेला हा योगायोग असेल किंवा नसेल, मला मात्र ते चित्र पाहताना दर वेळी जाणवते. तुम्हाला नवे चिन्ह काढायचे असेल तेव्हा आधी काय काढायचे याची यादी करता तशी काय गाळायचे याचीही यादी करा, आणि दुसरी यादी लांब असू द्या.

प्राणीच काढला पाहिजे असे मात्र मुळीच नाही. पुष्कळ संस्थांचे काम कोणत्याही एका प्राण्याचे नसते. कोणी कायद्याची लढाई लढते, कोणी हवेची मोजणी करते, कोणी कचरा वेगळा करायला शिकवते. अशा वेळी नाम सोडून क्रियापद शोधावे. फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलच्या चिन्हात झाडाची बाह्यरेषा आणि ‘तपासले’ अशा अर्थाची बरोबरची खूण एकाच रेषेत ओवलेली आहे. झाड हे नाम आहे आणि खूण हे क्रियापद. लाकूड तपासून प्रमाणित करणे हेच त्या संस्थेचे काम असल्यामुळे खूण काढून टाकली तर मागे उरेल ते कोणाचेही झाड असेल.

क्रियापदाचे सर्वांत गाजलेले चिन्ह म्हणजे एकमेकांचा पाठलाग करणारे तीन बाण. १९७० मध्ये, पहिला वसुंधरा दिन साजरा झाला त्याच वर्षी, कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या पुठ्ठ्याच्या कंपनीने पुनर्वापर केलेल्या कागदासाठी चिन्हाची स्पर्धा जाहीर केली आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातला गॅरी अँडरसन हा २३ वर्षांचा विद्यार्थी ती जिंकला. त्याने मोबियस पट्टीचा आधार घेतला. कागदाची पट्टी अर्धा पीळ देऊन जोडली की तिला एकच बाजू उरते आणि तिच्यावरून बोट फिरवत गेले तर शेवट सापडत नाही. त्याने या पट्टीला तीन घड्या घातल्या आणि बाण दिले. इतका गणिती विचार इतक्या सहज कळणाऱ्या आकृतीत उतरलेला क्वचितच दिसतो.

हे चिन्ह सर्वांसाठी खुले राहिले, म्हणूनच ते जगभर पोचले आणि म्हणूनच बिघडले. १९८८ मध्ये प्लॅस्टिक उद्योगाच्या अमेरिकी संघटनेने प्लॅस्टिकचे प्रकार ओळखण्यासाठी १ ते ७ असे आकडे ठरवले आणि ते आकडे बाणांच्या त्रिकोणात बसवले. आकडा सांगत होता की हे कोणत्या जातीचे प्लॅस्टिक आहे, तर भोवतालचे बाण लोकांना सांगत होते की याचा पुनर्वापर होतो. २०१३ मध्ये संबंधित मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आला, परंतु तोवर गैरसमज घरोघर रुजला होता, आणि कॅलिफोर्नियाने तर २०२१ मध्ये या बाणांच्या वापरावर मर्यादा घालणारा कायदाच केला. चिन्ह कोणी, कशावर आणि कोणत्या अटीवर वापरावे, हा प्रश्न वकिलांचा आहे असे समजून चित्रकाराने तो सोडून देऊ नये.

नामशेष होणाऱ्या जीवजातींसाठी लंडनमधल्या एका चित्रकाराने २०११ मध्ये काढलेले चिन्ह येथे तुलनेला घ्यावे. वर्तुळ म्हणजे पृथ्वी आणि आत वाळूचे घड्याळ, म्हणजे संपत आलेला वेळ. खडू, कोळसा, रंगाचा डबा, काहीही हातात असले तरी ते चार-पाच फटकाऱ्यांत कोणालाही काढता येते. चळवळीत पडणाऱ्या कोणालाही ते वापरायची मुभा आहे, मात्र विकायच्या वस्तूंवर छापायला कर्त्याने मनाई केली आहे. २०१८ पासून एक्स्टिंक्शन रिबेलियन या आंदोलनाने ते रस्त्यावर नेले. आंदोलनाचे चिन्ह आणि प्रमाणपत्राचे चिन्ह यांत फरक आहे तो येथेच. पहिले हाताने वाकडेतिकडे काढले तरी चालले पाहिजे, तर दुसऱ्याची नक्कल करणे अवघड असले पाहिजे. तुमची संस्था यांतली कोणती, हे पेन्सिल उचलण्याआधी ठरवावे.

रंगाविषयी थोडे सांगतो. हिरवा रंग ही या क्षेत्राची सवय झाली आहे, आणि तिच्यात एक गंमतही आहे. १७७५ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलेला प्रसिद्ध हिरवा रंग आर्सेनिकयुक्त होता, आणि आज छपाईच्या शाईत सर्रास वापरल्या जाणाऱ्या थॅलोसायनिन हिरव्या रंगद्रव्यात क्लोरिन असते. रंगाने हिरवे असणे आणि वृत्तीने हिरवे असणे यांचा संबंध इतका सैल आहे. त्याहून व्यावहारिक अडचण अशी की उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्के पुरुषांना लाल आणि हिरवा यांत फरक करणे कठीण जाते, आणि इतर समाजांतही असे लोक असतातच. म्हणून अर्थ आकारात असावा आणि रंग नंतर यावा. पडद्यावरच्या अर्थपूर्ण आकृतीचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा निदान ३ : १ या प्रमाणात वेगळा असावा असे वेबसुलभतेचे, म्हणजे संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीचे, संकेत सांगतात. फिकट पोपटीवर पांढरी अक्षरे घालण्याची हौस या एका मोजमापात बाद होते.

मी स्वतः हे सगळे चुकून शिकलो. उमेदवारीच्या काळात एका लहान संस्थेसाठी मी जे बोधचिन्ह केले, त्यात नदी, मासा, डोंगर, उगवता सूर्य आणि दोन मुले होती, कारण समितीतल्या प्रत्येकाने एकेक गोष्ट सुचवली होती आणि मला कोणालाच नाही म्हणता आले नव्हते. पडद्यावर निळ्या-हिरव्या छटा सुरेख एकमेकींत मिसळल्या होत्या. संस्थेने पहिले काम केले ते रबरी शिक्का करून घेण्याचे, आणि त्या शिक्क्यात माझी नदी, मासा आणि मुले मिळून शाईचा एक गोळा उमटला. तेव्हापासून मी चिन्ह पहिल्यांदा काळ्या शाईत, अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहतो, आणि मग ते १६ पिक्सेलच्या चौकटीत, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसते तेवढे. तिथे जे टिकत नाही ते काढून टाकतो. तुकडे सुटे न पडता स्टेन्सिल कापता येते का, तेही पाहतो. पर्यावरण-संस्थांचे चिन्ह गुळगुळीत कागदापेक्षा कापडी फलकावर, भिंतीवर आणि झेरॉक्स केलेल्या निवेदनावरच अधिक वेळा जाते.

शेवटचा मुद्दा जुन्या संस्थांसाठी. कार्यकारिणी बदलली की चिन्ह बदलण्याची हुक्की येते, आणि जुन्या चिन्हाने वर्षानुवर्षे साठवलेली ओळख एका बैठकीत खर्ची पडते. पांडाही अनेकदा बदलला. त्याचे केस गेले, रेषा गेल्या, अक्षरांचे वळण बदलले, पण १९६१ मध्ये ज्याने तो पाहिला असेल त्याला आजचा पांडा ओळखून घ्यावा लागत नाही. तेव्हा दुरुस्ती करायचीच असेल तर जुने आणि नवे चिन्ह शेजारी ठेवून संस्थेच्या सर्वांत जुन्या स्वयंसेवकाला दाखवा, आणि दोहोंत काय बदलले आहे हे शोधायला त्याला थोडा वेळ लागू द्या.