काळ्या पाण्यावर चार दिवस

नमस्कार श्रोतेहो. ओंजळीत घेतलं तर कोऱ्या चहासारखं तांबूस आणि पात्रात पाहिलं तर चक्क काळं, अशा पाण्याच्या नद्या जगात बऱ्याच आहेत. ॲमेझॉनला मिळणारी रिओ नेग्रो त्यातली सर्वांत मोठी. कुजणाऱ्या पानांतलं टॅनिन, म्हणजे चहातही असतं ते तुरट द्रव्य, पाण्यात उतरतं, म्हणून हा रंग. ती घाण नव्हे. पण अशा नदीवर कॅनो, म्हणजे वरून उघडी वल्ह्याची नाव, किंवा कयाक, म्हणजे तिच्याहून अरुंद, बहुधा वरून झाकलेली नाव, घेऊन चार दिवस जायचं, तर अर्धा बेत हा रंगच ठरवतो.

पिण्याच्या पाण्याचंच घ्या. क्लोरीनची गोळी टाकली तरी बरंचसं क्लोरीन टॅनिनवरच खर्ची पडतं, जंतूंसाठी फार उरत नाही. अतिनील दिव्याचे किरणही गडद पाण्यात खोलवर पोचत नाहीत. त्यापेक्षा पाणी फडक्यातून गाळा आणि एक मिनिट खळखळून उकळा. रंग आणि तुरटपणा राहील, राहू द्या. घरूनच न्यायचं तर माणशी रोज 4 लिटर धरा; दोघांचे चार दिवसांचे 32 लिटर, म्हणजे 32 किलो. एकच मोठा कॅन नको, नाव कलली की तोही त्याच बाजूला सरकतो. लहान कॅन घ्या, नावेच्या मधोमध, तळाशी बांधा. कयाकमध्ये एवढं मावत नाही. तिथं उकळण्याला पर्याय नाही.

नदीची पातळी निघण्याआधी आठवडाभर रोज बघा. दलदल पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही पातळी चढत राहू शकते. पाणी कमी असेल तर आडवे पडलेले ओंडके उघडे पडतात. प्रत्येक ठिकाणी सामान उतरवा, नाव ओढा, पुन्हा भरा. 25 किलोमीटरचा दिवस 12वर येतो. पाणी जास्त असेल तर मुक्कामाचे वाळूचे पट्टेच बुडालेले असतात.

खरा धोका पडलेल्या झाडाचा. गाळणीतून चहा जातो, पत्ती अडकते. इथं पत्ती म्हणजे आपण. काळ्या पाण्यात बुडालेल्या फांद्या दिसत नाहीत, म्हणून वळणावर आतल्या काठानं जा. तरी नाव खोडाला आडवी लागलीच, तर खोडाकडे झुका. घाबरलेला माणूस हमखास उलट्या बाजूला झुकतो, प्रवाहाकडची कड पाण्याखाली जाते आणि नाव भरते.

मुक्कामाला पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवा. झोपण्यापूर्वी ती पाण्यात उभी दिसली, तर तंबू तेव्हाच वर हलवा आणि नाव झाडाला बांधा.