एक बीजपत्र, दोन बीजपत्रे आणि खोडातील रचना

रात्रभर पाण्यात भिजलेल्या घेवड्याच्या बीचे साल काढले, की तिचे दोन जाड भाग सहज सुटे होतात आणि त्यांच्या सांध्याशी चिमुकला कोंब व आदिमूळ दिसू लागते. हे दोन भाग म्हणजेच रोपाची दोन बीजपत्रे होत. मक्याचा दाणा मात्र कितीही भिजवला तरी असा दुभंगत नाही. तो उभा कापला, तर आतील बहुतेक जागा पिठूळ भ्रूणपोषाने, म्हणजे गर्भाला अन्न पुरवणाऱ्या ऊतीने, व्यापलेली असून गर्भ एका बाजूला बसलेला आढळतो, आणि गर्भ व भ्रूणपोष यांच्यामध्ये ढालीच्या आकाराचे एकच बीजपत्र असते. इंग्लंडमधील निसर्ग अभ्यासक जॉन रे यांनी १६८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाच्या ग्रंथात याच फरकाची दखल घेतली, आणि पुढे सपुष्प वनस्पतींची एकबीजपत्री व द्विबीजपत्री अशी विभागणी रूढ झाली.

दोन्ही बियांतील बीजपत्रांची कामेही वेगळी आहेत. घेवड्याची बी पक्व होण्यापूर्वीच तिच्यातील अन्नसाठा बीजपत्रांमध्ये येऊन पोहोचलेला असतो. त्यामुळे ती फुगीर दिसतात, रुजताना जमिनीच्या वर येतात आणि साठा संपल्यावर सुरकुतून गळून पडतात. वाटाणाही द्विबीजपत्रीच आहे, परंतु त्याची बीजपत्रे मातीतच राहतात. मक्याचे बीजपत्र कधीच बाहेर येत नाही. दाण्याने पाणी शोषले, की गर्भाकडून जिबरेलिन हे संप्रेरक भ्रूणपोषाच्या बाहेरील ॲल्युरोन थरापर्यंत पोहोचते, तेथील पेशी विकरे (एन्झाइम) स्रवतात, पिष्टाचे शर्करेत रूपांतर होते आणि ती शर्करा शोषून वाढत्या कोंबाला पुरवण्याचे काम हे एकटे बीजपत्र करते. नारळात हाच प्रकार फार मोठ्या आकारात घडतो. रुजणारा नारळ फोडल्यावर आत जो मऊ, स्पंजासारखा गोळा मिळतो, तो बीजपत्राचाच फुगलेला भाग असतो आणि त्याच्याच द्वारे खोबऱ्यातील अन्न रोपाला मिळते.

भ्रूणपोष असणे हे एकबीजपत्री बीचे लक्षण आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. एरंड द्विबीजपत्री असूनही त्याच्या बीत तेलयुक्त भ्रूणपोष भरपूर असतो आणि बीजपत्रे कागदासारखी पातळ असतात. याउलट ऑर्किडे एकबीजपत्री असली, तरी त्यांच्या धुळीसारख्या सूक्ष्म बियांत भ्रूणपोष नसतो, बहुतेक जातींत बीजपत्रही तयार झालेले नसते, आणि निसर्गात रुजण्यासाठी त्यांना कवकाची मदत घ्यावी लागते.

पाठ्यपुस्तकांतील तक्त्यात या दोन गटांचे फरक एकाखाली एक मांडलेले असतात: पानांतील शिरा समांतर की जाळीदार, मुळे तंतुमय की सोटमूळ, फुलांचे भाग तीनच्या पटीत की चार वा पाचच्या. पाठांतरासाठी हा तक्ता सोयीचा असला, तरी त्यातील सगळ्या ओळी सारख्या महत्त्वाच्या नाहीत. ज्या फरकातून इतर अनेक गोष्टी उलगडतात, तो खोडाच्या आडव्या छेदात दिसतो. द्विबीजपत्री खोडात पाणी आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांचे जुडगे, म्हणजे वाहिनीवृंद, सामान्यतः एका वर्तुळात रचलेले असतात. प्रत्येक वृंदातील जलवाहिन्या आणि रसवाहिन्या यांच्यामध्ये सतत विभागणाऱ्या पेशींचा एक थर असतो. या थराला ऊतककर किंवा कॅम्बियम म्हणतात. तो आतील बाजूस काष्ठ आणि बाहेरील बाजूस रसवाहिन्या निर्माण करीत राहतो, म्हणूनच वृक्षाचे खोड जाड होते आणि ठळक ऋतूंच्या प्रदेशांत त्यात वार्षिक वलये उमटतात. मक्याच्या खोडात वाहिनीवृंद सर्वत्र विखुरलेले असतात आणि त्यांत ऊतककर नसतो.

ऊतककर नसल्याचे परिणाम दूरवर जातात. बीतून निघालेले पहिले मूळ पुढे जाड होऊ शकत नसल्याने वाढत्या रोपाची गरज ते एकटे भागवू शकत नाही, आणि खोडाच्या तळापासून नवनवी मुळे फुटून तंतुमय मुळांचा झुबका तयार होतो. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो, तेव्हाच त्याची जाडी जवळजवळ ठरून गेलेली असते. ताडकुळातील झाडे आधी जमिनीलगत रुंदी मिळवतात आणि मगच उंची गाठतात. त्यांच्या खोडातील रसवाहिन्यांची जागा घेणारा नवा थर येत नसल्याने तळाच्या पेशींना कित्येक दशके कार्यरत राहावे लागते. ड्रॅसिनासारख्या काही एकबीजपत्री वनस्पतींची खोडे जाड होतात खरी, पण वेगळ्या प्रकारच्या वर्धनशील ऊतीमुळे.

पानांबाबतही असेच मूळ कारण सांगता येते. गवताच्या पात्याची वाढ टोकाला न होता तळाशी होते. पाते वर सरकत जाते आणि शिरा त्याच दिशेने समांतर लांबतात. जनावराने शेंडा खाल्ला, तरी वाढीची जागा शाबूत राहते आणि कुरण पुन्हा हिरवे होते. मात्र केवळ शिरांवरून गट ओळखू पाहणारा फसू शकतो, कारण अळू आणि घोटवेल या एकबीजपत्री असूनही त्यांच्या पानांत शिरांचे जाळे असते.

विभागणीचा खरा पेच विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आला. डीएनएच्या तुलनेवर आधारलेले वर्गीकरण ॲन्जिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात एकबीजपत्री वनस्पती एकाच पूर्वजाचा वंश म्हणून टिकून राहिल्या, परंतु द्विबीजपत्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या वनस्पतींना मिळून स्वतंत्र वंश मानता येत नाही, हे स्पष्ट झाले. कमळासारख्या दिसणाऱ्या कुमुदिनी, म्हणजे वॉटर लिली, सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर एकबीजपत्रींच्याही आधी वेगळ्या झालेल्या आहेत. सोनचाफ्याच्या बीत दोन बीजपत्रे असतात, पानांत जाळीदार शिरा असतात, खोडात ऊतककर असतो. तरीही त्याच्या परागकणावर लिलीच्या परागकणाप्रमाणे एकच चीर असते. घेवडा, सूर्यफूल, गुलाब आणि बहुसंख्य परिचित द्विबीजपत्री वनस्पती ज्या मोठ्या वंशात येतात, त्याची मूळ खूण तीन चिरांचा परागकण ही आहे, आणि असे परागकण जीवाश्मांमध्ये सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीपासून आढळू लागतात.