मक्याचे तणनाशक आणि रब्बीची जमीन

मंडळी, मक्याच्या दाण्यात तणनाशक उतरते का, हे सगळेच विचारतात. ॲट्राझीन हे मक्यातले तणनाशक पेरणीनंतर लगेच, उगवणीआधी आणि शिफारशीइतकेच मारले असेल, तर वाळलेल्या दाण्याची मला फारशी काळजी वाटत नाही. मका हे औषध मुळातून घेतो आणि ग्लुटाथिओन नावाच्या द्रव्याला जोडून निकामी करतो. घोळासारख्या तणाला ते जमत नाही, म्हणून ते मरते. हिरवा मका मुरघासाला कापणाऱ्यांनी मात्र पाकिटावरचा प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर कापणीपर्यंत थांबायचे दिवस) वाचूनच कोयता लावावा.

दाण्याची प्रत जास्त बिघडते ती तणाने. पहिले 40-45 दिवस शेत तणात राहिले की कणसाचे टोक भरत नाही, दाणा बारीक राहतो. उशिरा, मका गुडघ्याच्या वर गेल्यावर 2,4-डी हे दुसरे तणनाशक मारले तर ताटाच्या बुडाशी फुटणारी आधार देणारी मुळे एकमेकांना चिकटतात, ताट ठिसूळ होते आणि वाऱ्यात मोडते.

माझी खरी चिंता जमिनीची आहे. ॲट्राझीनची शिफारस हेक्टरी अर्धा ते एक किलो क्रियाशील घटकाची, म्हणजे पावडरीतल्या प्रत्यक्ष औषधाची. 50 टक्के पावडर एकरी 400 ते 800 ग्रॅम. हेक्टरी एक किलो घटक मारला आणि 60 दिवसांत निम्मे विरते असे धरले, तरी चार महिन्यांनी पाव किलो जमिनीत उरते. आपल्या काळ्या रानांचा सामू (pH) 8 च्या आसपास असतो आणि अशा जमिनीत ॲट्राझीनचे विघटन आणखी मंदावते. पाऊस कमी झाला तर त्याहून हळू. वळणावर, धुऱ्याजवळ पंपाचा दुहेरी पट्टा पडतो, तिथे तर दुप्पट. मक्यामागे कांदा किंवा हरभरा घेणाऱ्याला हा उरलेला भाग नडतो. हलक्या रानात ते पाझरून विहिरीपर्यंत जाऊ शकते. युरोपीय संघाने 2004 मध्ये ॲट्राझीनची परवानगी काढून घेतली, ती भूजलासाठीच.

प्रयोगशाळेची वाट न पाहता एक तपासणी घरी होते. मका उभा असतानाच शेतातल्या चार-पाच ठिकाणची, वळणावरचीसुद्धा, वीतभर खोलीपर्यंतची माती घेऊन एका कुंडीत भरा. दुसऱ्या कुंडीत कधीही न फवारलेल्या बांधाची माती भरा. दोन्हींत मोहरी किंवा काकडी पेरा आणि तीन आठवडे बघा. उगवण दोन्हीकडे सारखीच होईल, तिथे फसू नका. हे औषध बी मारत नाही, पानाचे अन्न बनवणे थांबवते. बियातला साठा संपला की जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग करपतात.

म्हणून पुढे कांदा-हरभरा असेल तर हेक्टरी अर्धा किलो क्रियाशील घटकावरच थांबा आणि विसाव्या-पंचविसाव्या दिवशी कोळपणी करा. मजूर मिळत नाहीत हे मला माहीत आहे, पण कोळपे बैलाने किंवा छोट्या ट्रॅक्टरनेही चालते. आणि कुंडी पिवळी पडलीच, तर त्या रानात यंदा रब्बी ज्वारी पेरा; ज्वारी ॲट्राझीन सोसते.