शेजारची फाइल : ट्रान्झॅक्शन लॉग वाचताना

[स्क्रीन : क्वेरी विंडो, निकालात एकही रो (ओळ) नाही]

हे टेबल काही वेळापूर्वी भरलेलं होतं. कुणी रिकामं केलं, चुकून की मुद्दाम, ते टेबलकडे बघून कळायचं नाही. डेटा फाइलला फक्त आत्ताचं माहीत असतं. आधीचं हवं असेल तर शेजारची फाइल उघडावी लागते : ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे डेटातल्या बदलांची नोंदवही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये तिचं एक्स्टेन्शन एलडीएफ. एरवी तिची आठवण होते ती डिस्क भरल्यावर, आणि तीही शिव्या घालायला.

[दृश्य : सर्व्हरची केबल उपटणारा हात]

हे सरावाचं मशीन आहे, घाबरू नका. अपडेट अर्धवट असताना वीज तोडली.

[दृश्य : मशीन पुन्हा सुरू, रिकव्हरीचे संदेश सरकताहेत]

आता डेटाबेस लॉग वाचतोय. नियम साधा आहे : डेटाचं बदललेलं पान डिस्कवर जायच्या आधी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये उतरलीच पाहिजे. म्हणून वीज गेली तरी हिशेब लागतो. पहिल्या फेरीत कोणती ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द व्हायचे बदल) अर्धवट राहिली ते शोधायचं. दुसरीत लॉगप्रमाणे बदल पुन्हा करायचे. तिसरीत अर्धवट राहिलेले उलटे फिरवायचे. आयबीएममध्ये सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी ही रीत ‘एरीज’ या नावानं मांडली. त्यांचा निबंध १९९२ सालचा, आणि अनेक डेटाबेस आजही त्याच पायावर उभे आहेत.

पण मशीन जे वाचतं ते माणसालाही वाचता येतं.

[स्क्रीन : एफएन डीबीलॉगचा निकाल, कर्सर सावकाश खाली]

एफएन डीबीलॉग, लॉगमधल्या नोंदी दाखवणारं फंक्शन. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत माहितीत या फंक्शनला जागा नाही, पण डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए मंडळींना ते पाठ असतं. शंभराहून जास्त कॉलम येतात. घाबरवायला पुरेसे. आपल्याला सातआठच लागतात.

पहिला कॉलम एलएसएन, म्हणजे नोंदीचा पत्ता. त्याचे तीन तुकडे : लॉगचा कोणता भाग, त्यातला कोणता ब्लॉक, ब्लॉकमधली कितवी नोंद. पुढे ऑपरेशन. आणि इथे, बघा, ‘लॉप डिलीट रोज’, म्हणजे रो उडवल्याची नोंद. शेजारी संदर्भ : ‘मार्क ॲज घोस्ट’. रो लगेच पुसली जात नाही, तिच्यावर खूण पडते. सफाई मागाहून होते.

नोंदी एकमेकांत मिसळलेल्या आहेत, कारण एकाच वेळी बरेच जण काम करत होते. म्हणून ट्रान्झॅक्शन आयडी धरून गाळायचं.

[स्क्रीन : गाळल्यावर उरलेल्या नोंदी]

वर ‘बिगिन’. सुरुवातीची वेळ आणि लॉगिनचा एसआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, याच नोंदीत असतो, खालच्या डिलीटच्या नोंदींत नाही. इथेच नवखे अडकतात. आणि डिलीट दिसलं म्हणून ते टिकलं असंही नाही, शेवटची नोंद बघायची. रोलबॅक झाला असता, म्हणजे ट्रान्झॅक्शन मागे घेतलं असतं, तर डिलीटची नोंद खोडली गेली नसती. ते उलटवणाऱ्या नव्या नोंदी खाली आल्या असत्या आणि शेवटी ‘ॲबॉर्ट’ दिसलं असतं. इथे ‘कमिट’ आहे, म्हणजे बदल पक्का झाला.

[स्क्रीन : क्लोजअप, हेक्स (सोळाच्या पायावरचे) आकडे]

ही उडवलेली रो. पहिले दोन बाइट स्टेटसचे, पुढचे दोन ठरावीक लांबीचा भाग कुठे संपतो ते सांगतात. मग पहिला कॉलम, चार बाइटांचा पूर्णांक : डी२ ०४ ०० ००. बाइट उलट्या क्रमानं लावा, ०००००४डी२. म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यांत १२३४. ग्राहक क्रमांक सापडला. असा एकेक कॉलम सोडवत गेलं की अख्खी रो उभी राहते. (ट्रंकेट, म्हणजे अख्खं टेबल एकदम रिकामं करणारी आज्ञा, मारली असती तर हे मिळालं नसतं. त्याचीही नोंद होते, पण पानं मोकळी केल्याची, रोंची नाही.)

मूळ क्वेरीचा मजकूर मात्र इथे शोधू नका. कुणी काय लिहिलं ते लॉग ठेवत नाही, काय बदललं ते ठेवतो. नुसतं सिलेक्ट करून डेटा पाहून गेलेल्याचा इथे माग लागत नाही.

एसआयडीवरून नाव काढलं. निघालं ॲप्लिकेशनचं सामायिक लॉगिन. सगळे एकाच लॉगिननं काम करतात तिथे लॉग यापुढे काही सांगू शकत नाही.

[दृश्य : बॅकअप फाइलींची यादी]

हे सगळं जमलं, कारण हा डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर, म्हणजे बॅकअप होईपर्यंत लॉगच्या नोंदी राखणाऱ्या सेटिंगवर होता आणि लॉग बॅकअपची साखळी तुटलेली नव्हती. ‘लॉग फार वाढतो’ म्हणून मॉडेल सिंपल करून टाकणाऱ्यांकडे चेकपॉइंटनंतर (बदललेली पानं डिस्कवर उतरवून झाल्यावर) लॉगमधली जागा पुन्हा वापरली जाते आणि जुन्या नोंदी जातात. आपल्याकडे त्या बॅकअपमध्ये होत्या, आणि बॅकअपमधला लॉग वाचायला वेगळं फंक्शन आहे : एफएन डम्प डीबीलॉग.

[स्क्रीन : रिस्टोअर पूर्ण]

सापडलेल्या एलएसएनच्या अलीकडे थांबवून दुसऱ्या नावानं रिस्टोअर केलं, रो तिथून उचलून मूळ टेबलात टाकल्या. मधल्या वेळात त्या ग्राहकांच्या नव्या नोंदी पडल्या असतील तर त्या हातानं जुळवाव्या लागतात.