आयाला सूट, प्रवाशाला दंड

मंडळी, अमेरिकेतल्या वर्णभेदाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे जमाव येतो, जळणारी घरं येतात. आज मला निकालपत्रांबद्दल बोलायचं आहे. जमावाने जे हिसकावलं, त्यावर शिक्का निकालपत्रांनी मारला.

यादवी युद्धानंतर तिथल्या राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. 13वीने गुलामगिरी संपवली, 14वीने नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं, 15वीने मताधिकारातली वंशाची आडकाठी काढली. यातली एकही पुढे रद्द झाली नाही. तिन्ही पुस्तकात जशाच्या तशा राहिल्या, आणि तरी दक्षिणेत काळ्या माणसाला त्यांचा उपयोग होईना. हे कसं झालं?

पहिला घाव 1883चा. संसदेने 1875 साली कायदा केला होता: हॉटेलं, नाटकगृहं, आगगाड्या सर्वांना खुल्या, आणि जो अडवेल त्याने अडवलेल्या माणसाला 500 डॉलर द्यायचे. असे पाच खटले एकत्र ऐकले गेले. आठ विरुद्ध एक मतांनी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मोडीत काढला. युक्तिवाद असा की 14वी दुरुस्ती फक्त ‘राज्या’ला बांधते, हॉटेलवाला म्हणजे राज्य नव्हे, तेव्हा त्याच्या वागण्यावर संसदेला कायदा करता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोध नोंदवला. रेल्वे आणि धर्मशाळा चालवणं हे सार्वजनिक काम आहे, ते खासगी कसं, असा त्यांचा सवाल होता.

बरं, राज्याने भेद करायचा नाही एवढं तरी यातून पक्कं व्हायला हवं होतं. तेरा वर्षांनी तेही गेलं.

लुइझियानाचा 1890चा रेल्वे कायदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. गोऱ्यांना आणि काळ्यांना ‘समान पण वेगळे’ डबे. चुकीच्या डब्यात बसून राहणाऱ्याला 25 डॉलर दंड किंवा 20 दिवसांपर्यंत कैद. प्रवाशाला चुकीच्या डब्यात बसवणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यालाही तीच शिक्षा. आणि तिसऱ्या कलमात एक सूट: दुसऱ्या वंशाच्या मुलाला सांभाळणाऱ्या आयाला हा नियम लागू नाही. काळी बाई गोऱ्यांच्या डब्यात चालत होती, पण मांडीवर गोरं मूल असेल तरच. तिच्या शेजारी बसण्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती तिने बरोबरीने तिकीट काढून बसण्याला.

न्यू ऑर्लीन्सच्या नागरिक समितीने या कायद्यावर खटला मुद्दाम घडवून आणला. 7 जून 1892 रोजी कायद्याने काळा गणला जाणारा होमर प्लेसी कोव्हिंग्टनचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याला अटक करायला खासगी गुप्तहेर समितीनेच ठरवला होता. नुसता दंगा केल्याचा आरोप लागला असता, तर मूळ कायद्याला आव्हानच देता आलं नसतं.

निकाल 18 मे 1896ला आला, सात विरुद्ध एक. न्यायमूर्ती ब्राउन यांनी लिहिलं की कायदा ‘वाजवी’ आहे की नाही हे ठरवताना लोकांच्या चालीरीती पाहायच्या. म्हणजे ज्या रूढीविरुद्ध दाद मागितली, तीच मापाला घेतली! आधाराला बॉस्टनमधल्या काळ्यांच्या वेगळ्या शाळा मान्य करणारा 1849चा निकाल घेतला. तेव्हा 14वी दुरुस्ती जन्मालाही आली नव्हती. आणि वेगळं बसवण्यात काळ्यांना कमीपणा वाटत असेल, तर तो अर्थ त्यांनीच लावलेला आहे, असंही वर ऐकवलं. पुन्हा विरोधात एकटे हार्लन.

‘समान’ हा शब्द तरी कुणी तपासला? 1897मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या शाळा मंडळाने काळ्यांचं हायस्कूल बंद केलं, गोऱ्या मुलींच्या हायस्कूलला पैसा चालू ठेवला. 1899मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हात वर केले, आणि तो निकाल, खेदाने सांगावं लागतं, हार्लन यांनीच लिहिला.

मताधिकाराचं तर सगळ्यात वाईट झालं. लुइझियानात 1896मध्ये 1,30,334 काळे मतदार नोंदलेले होते. 1904मध्ये उरले 1,342. अलाबामातून जॅक्सन जाइल्स पाच हजारांहून अधिक काळ्या लोकांच्या वतीने, मतदारयादीत नावं घाला म्हणून न्यायालयात गेले. 1903मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी उत्तर दिलं: सगळी यादीच लबाडीची आहे असं तुम्ही म्हणता, मग त्याच यादीत तुमचं नाव आम्ही कसं घालू? दाद राजकीय मार्गाने मागा. मत नसलेल्या माणसाला!

1954मध्ये शाळांपुरता ‘समान पण वेगळे’चा पाया निघाला. 1883चा निकाल मात्र जागेवरच राहिला. म्हणून 1964च्या नागरी हक्क कायद्याला आंतरराज्य व्यापाराचा टेकू घ्यावा लागला. अटलांटाच्या 216 खोल्यांच्या मोटेलविरुद्धचा खटला सरकारने त्या टेकूवर जिंकला: तिथे परराज्यातले प्रवासी उतरतात, म्हणून संसद नियम करू शकते.

आपल्याकडे हा धडा आधीच वाचला गेला होता. डॉ. आंबेडकरांनी 1947च्या आपल्या निवेदनात नागरी सोयींच्या समान वापराची तरतूद मांडताना आधार म्हणून अमेरिकेच्या त्याच 1875च्या कायद्याचा उल्लेख केला. आपल्या घटनेचं 15वं कलम काढून पाहा. त्याच्या पहिल्या खंडाची सुरुवात ‘राज्य’ या शब्दाने होते. दुसरा खंड, ज्यात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट येतात, तो सुरू होतो ‘कोणताही नागरिक’ असा. अडवणारा सरकार आहे की दुकानदार, हे तिथे विचारलेलंच नाही.